पिकअप ट्रक पेट्रोल फार पितोय? आधी कारण शोधा, मग खर्च करा

मिशिगनला राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी जुना, मोठा पिकअप ट्रक घेतला. आठ सिलिंडरचं इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह. अ‍ॅव्हरेज विचाराल तर गॅलनला जेमतेम १३ मैल. 'एवढं धूड आहे, पिणारच' अशी मनाची समजूत घालून मी वर्षभर पैसे भरत राहिलो. पिकअप कारइतका कधीच देणार नाही, हे खरं. पण त्याच्याच वर्षाचा, त्याच इंजिनाचा दुसरा ट्रक जेवढं देतो, तेवढं आपल्याही ट्रकनं द्यायला हवं. देत नसेल तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते घरच्या घरी सापडतं.

शोधायची मेहनत घ्यावी का? हा हिशेब बघा. वर्षाला १२,००० मैल चालणारा ट्रक १३ वरून १६ वर आला, तर सुमारे १७३ गॅलन पेट्रोल वाचतं. तेच ३५ देणारी कार ३८ देऊ लागली, तर वाचतात फक्त २७ गॅलन. म्हणजे कमी अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीत थोडीशी सुधारणाही खिशाला लगेच जाणवते.

पहिली पायरी : हातानं मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो, आणि बऱ्याचदा तो जरा जास्तच दाखवतो. टाकी भरा, पंप पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरा. झालेल्या मैलांना भरलेल्या गॅलननी भागा. एका टाकीवरून काही ठरवू नका, निदान तीन टाक्यांची सरासरी काढा.

आधीच्या मालकानं मोठे टायर बसवलेत का, तेही बघा. मूळच्या ३२ इंची टायरऐवजी ३५ इंची असतील आणि स्पीडोमीटर त्यानुसार जुळवून घेतलेला नसेल, तर ३०० मैल दिसतात तेव्हा गाडी सुमारे ३२८ मैल चाललेली असते. असे कितीतरी ट्रक विनाकारण बदनाम होतात. (मोठ्या टायरनं खरं अ‍ॅव्हरेजही घटतं, ते वेगळं.)

आता आपला आकडा ईपीएच्या (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या) अधिकृत आकड्याशी ताडून बघा. वर्ष, इंजिन आणि टू-व्हील की फोर-व्हील, हे तिन्ही जुळलं पाहिजे. मालासकट कमाल वजनाची मर्यादा ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या थोरल्या पिकअपना असा अधिकृत आकडाच नसतो. तिथे आपली जुनी नोंद हाच आधार.

दुसरी पायरी : टायरची हवा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो दाब लिहिलाय, तेवढीच हवा ठेवा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. इशाऱ्याच्या दिव्याची वाट बघू नका, कारण दाब सुमारे २५ टक्के घटेपर्यंत तो लागतच नाही. तापमान १० अंश फॅरनहाइटनं उतरलं की दाब साधारण १ पीएसआयनं कमी होतो. म्हणून पहिली थंडी पडली की हवा तपासायचीच.

तिसरी पायरी : चाकं गरम होताहेत का?

माझ्या ट्रकचं दुखणं इथेच सापडलं. वीसेक मिनिटं सरळ रस्त्यावर चालवा, शेवटी जोरात ब्रेक न मारता हळूच थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. माझं मागचं उजवं चाक बाकीच्या तिघांपेक्षा कितीतरी तापलं होतं. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानं ब्रेक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकल्या होत्या आणि पॅड सतत डिस्कवर घासत होता. म्हणजे वर्षभर मी ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो! पिना आणि पॅड बदलल्यावर पुढच्या तीन टाक्यांची सरासरी १५ च्या वर गेली.

चौथी पायरी : स्कॅनर लावा

अमेरिकेतल्या १९९६ पासूनच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली ओबीडी-२ चं, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायचं, सॉकेट असतं. त्यात बसणारा स्वस्तातला स्कॅनर मोबाइलशी जोडा. दोन गोष्टी बघा. एक, इंजिनाचं तापमान. चांगलं चालवल्यावरही ते १६० अंश फॅरनहाइटच्या आसपास रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप) उघडा अडकलेला असण्याची दाट शक्यता. इंजिन गार राहतं आणि जास्त पेट्रोल मागतं. बऱ्याचदा त्याचा पी०१२८ हा कोडही येतो. दुसरी, 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम', म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा. तो सतत शून्यापासून दहा टक्क्यांहून दूर असेल, तर हवेची गळती, मळलेला एअर-फ्लो सेन्सर किंवा ऑक्सिजन सेन्सर यांच्या मागे लागा. एअर-फ्लो सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेनंच साफ करा.

एअर फिल्टर मात्र अ‍ॅव्हरेजसाठी बदलू नका. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात त्यानं अ‍ॅव्हरेज वाढत नाही, गाडीचा वेग पकडण्याचा जोर तेवढा सुधारतो. पेट्रोल वाचवणारी लोहचुंबकं आणि सॉकेटमध्ये खोचायच्या डब्यांवर तर एक डॉलरही घालवू नका.

पाचवी पायरी : चालवणं

पिकअप म्हणजे वाऱ्याला आडवी उभी केलेली भिंत. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे ताशी ६५ मैलांऐवजी ७५ नं गेलात तर तो ३३ टक्के जास्त. फ्रीवेवर वेग उतरवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मागचं फळकं पाडून ठेवलं की वारा सरळ निघून जातो, हा समज चुकीचा आहे. फळकं वर असताना हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकते. फळकं बंदच ठेवा, आणि वापरात नसलेला शिडीचा रॅक काढून टाका.

कोरड्या रस्त्यावर टू-व्हीलवरच चालवा. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (फोर-व्हीलच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) चालवलं, तर पेट्रोलपेक्षाही गिअर आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो, तो जास्त महाग पडेल.

राहिला हिवाळा. रिमोटनं इंजिन चालू करून पंधरा मिनिटं दारात उभं ठेवायची सवय मलाही होती. अर्धा मिनिट पुरतं, मग हळू चालवत निघावं, चालती गाडी लवकर तापते. तरीही २० अंश फॅरनहाइटला शहरातलं अ‍ॅव्हरेज ७७ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के कमी येतं, तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत त्याहूनही कमी. म्हणून जानेवारीचा आकडा मागच्या जानेवारीशी ताडा, जुलैशी नको.