५०० सिरीजचा प्रीअँप मागवण्याआधी

प्रीअँप म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र, आणि ५०० सिरीज म्हणजे सामाईक रॅकच्या खणांत (स्लॉटमध्ये) बसणारी त्याची छोटी मॉड्यूल्स. कुठला प्रीअँप घेऊ, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी वही घ्या आणि येत्या वर्षभरात आपल्या खोलीत काय काय रेकॉर्ड होणार ते लिहून काढा. कोल्हापुरात हे पान पटकन भरतं: ख्याल, तानपुरा, पेटी, भजनी मंडळाचा पखवाज, पोवाडा आणि कधी ना कधी हलगी. प्रत्येकासमोर कुठला माइक लावणार आणि तो किती लांब असणार, तेही लिहा.

या पानावरून गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवावा लागेल त्याचा, अंदाज येतो. उदाहरणार्थ, शुअरचा एसएम७बी हा माइक. त्याला किमान ६० डेसिबल गेन हवा, असं कंपनीच सांगते. साध्या इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) गेन तिथं संपत आलेला असतो आणि नॉब पार टोकाला नेला की सुस्कारा वर येतो. एपीआय कंपनीचा ५१२सी प्रीअँप ६५ डेसिबलपर्यंत देतो, त्यामुळे अशा माइकसाठी तो पुरतो. हलगीचं नेमकं उलटं. आगीवर शेकून चढवलेल्या हलगीचा पहिला ठोका कंडेन्सर माइकमधून इतका जोरात येतो की गेन शून्याजवळ आणला तरी सिग्नल फाटतो. तिथं २० डेसिबलचा पॅड, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारं बटण, हवाच. पॅड नसलेलं मॉड्यूल कितीही गोड वाजत असलं तरी हलगीवाल्यांच्या गावात मी ते पहिलं म्हणून घेणार नाही.

आता पंखा बंद, खिडक्या बंद, आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. गल्लीतली मोटरसायकल, वरच्या मजल्यावरचा पंप किंवा फ्रिज ऐकू येत असेल, तर पैसे आधी दाराच्या फटी आणि जाड पडद्यांवर घाला. १५० ओहमच्या माइकचा स्वतःचा उष्णतेचा गोंगाटच साधारण उणे १३१ डीबीयू असतो (डीबीयू हे सिग्नलच्या पातळीचं माप, उण्याचा आकडा मोठा तितका गोंगाट कमी), आणि चांगली मॉड्यूल्स उणे १२७-१२८ पर्यंत पोचलेली आहेत. मधल्या तीन-चार डेसिबलसाठी दुप्पट पैसे मोजायचे आणि खोलीत पंप घरघरत ठेवायचा, याला अर्थ नाही.

शांततेत ‘हूं’ असा सलग आवाज असेल, तर पुढची सगळी खरेदी थांबवा आणि वायरमनला बोलवा. उद्यमनगरजवळच्या भाड्याच्या खोलीत मी दोन महिने केबली बदलत होतो. शेवटी वायरमनने मीटर लावला, तेव्हा कळलं की अर्थिंगची तार जमिनीजवळ गंजून तुटली होती. ती जोडली त्याच संध्याकाळी तानपुऱ्याच्या तारा पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आल्या. हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर अजिबात ऐकू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

मग रॅक. मॉड्यूलला स्वतःचा वीजपुरवठा नसतो. अधिक-उणे १६ व्होल्ट आणि फँटमचे (कंडेन्सर माइकला केबलमधून जाणाऱ्या विजेचे) ४८ व्होल्ट त्याला रॅककडून मिळतात. एपीआयच्या हँडलवाल्या रॅकला लंचबॉक्सच म्हणतात, आणि तो खरोखर डब्यासारखा उचलून नेता येतो. मॉड्यूल १५ पिनांच्या कनेक्टरवर बसतं. २००६ पासून एपीआयने व्हीपीआर अलायन्स नावाने या मापांचे आणि विजेचे नियम बांधून दिले, त्यात एका स्लॉटला १३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. काही मॉड्यूल्स त्याहून जास्त करंट ओढतात, काही दोन स्लॉट अडवतात. म्हणून प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून बेरीज करा आणि रॅकच्या एकूण क्षमतेपेक्षा ती बरीच खाली ठेवा. माझं मत, आज दोनच मॉड्यूल घेणार असाल तरी रॅक सहा स्लॉटचा घ्या. रॅक बदलणं फार महागात पडतं.

आवाजाच्या स्वभावाचा विचार इथं येतो. ग्रेसचा एम५०१ किंवा मिलेनियाचा एचव्ही-३५ यांत ट्रान्सफॉर्मर नाही. जे समोर आहे ते तसंच पुढं जातं. ५१२सी आणि नीव्हचा १०७३एलबी यांत आत येताना आणि बाहेर जाताना ट्रान्सफॉर्मर असतो. जोरात चालवला की आवाजाला थोडं अंग येतं, ठोक्याला वजन येतं. पोवाड्याच्या खड्या गळ्याला आणि पखवाजाच्या धुमेला ते शोभतं. पण ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांची गायकी रुजली, तिथं तानपुऱ्याच्या जवारीतले बारीक स्वर जसेच्या तसे हवेत. म्हणून पहिलं मॉड्यूल स्वच्छ, रंगाचं (ट्रान्सफॉर्मरवालं) दुसरं. रंग नंतर चढवता येतो, एकदा चढलेला उतरवता येत नाही. तानपुरा किंवा पेटी स्टिरिओत घ्यायची असेल तर मात्र एकाच प्रकारची दोन घ्या.

इंटरफेस तपासायला विसरू नका. प्रीअँपमधून निघालेला सिग्नल लाइन इनमध्येच, म्हणजे आधीच वाढवलेल्या सिग्नलच्या सॉकेटमध्येच, जायला हवा. तोच एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनांच्या केबलने) माइक इनमध्ये घातला तर तो दुसऱ्या प्रीअँपमधून जातो, आणि तेव्हा खर्च केलेला सगळा पैसा झाकला जातो. बहुतेक कॉम्बो (एक्सएलआर आणि जॅक दोन्ही घेणाऱ्या) सॉकेटमध्ये लाइनसाठी मोठ्या जॅकची केबल लागते. ती आधीच करून ठेवा. मॉड्यूलला आउटपुट नॉब असेल तर उत्तम, कारण ट्रान्सफॉर्मर जोरात चालवून इंटरफेसला मात्र बेताचं देता येतं.

ऐकायला पुण्या-मुंबईला जाणार असाल तर आपला माइक आणि आपला गायक सोबत न्या. मागवणार असाल तर कस्टम, जीएसटी आणि दुरुस्ती कुठं होणार, हे लेखी विचारून घ्या. जुना अमेरिकन रॅक घेताना तो २३० व्होल्टवर चालतो का, हे सगळ्यात आधी बघा.

पावसाळ्यासाठी रिकाम्या स्लॉटवर पट्ट्या आणि कपाटात सिलिका जेल हवं. इथली जुलैतली ओल कनेक्टरवर चढते. मॉड्यूल आलं की रॅक बंद करूनच बसवा, चालू रॅकमध्ये कधीही नाही. रिबन (धातूच्या नाजूक पट्टीचा) माइक लावण्याआधी फँटमचं बटण बंद आहे ना, हे नीट पाहा.