पांढऱ्या पाण्याची तक्रार: या चुका टाळा

"बाई, आंगवर पांढरं जास." अमळनेर-पारोळा भागात नर्सचं काम करताना हे वाक्य मी रोज ऐकते, आणि तेही सगळ्यांत शेवटी. आधी कंबर, मग चक्कर, मग अशक्तपणा. हे सांगायची वेळ येते ती उठून दारापाशी गेल्यावर. तोवर नवीन आलेले डॉक्टर कॅल्शियम लिहून मोकळे झालेले असतात.

पहिली चूक म्हणजे सगळं पांढरं एकच समजणं. दह्याच्या कवडीसारखं आणि प्रचंड खाज, म्हणजे बहुधा बुरशी. पातळ, राखाडी, माशासारखा वास, म्हणजे आतल्या चांगल्या जंतूंचा तोल गेलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ, म्हणजे ट्रायकोमोनास या जंतूचा संशय. यातला ट्रायकोमोनास तेवढा संबंधातून येतो. बुरशी बिनसंबंधाचीही होते, म्हणून बाईच्या चारित्र्यावर जाऊ नका. पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारं तारेसारखं पाणी तर आजारच नाही, आणि त्याने हाडंही झिजत नाहीत.

सरकारी हिरवं किट, म्हणजे गोळ्यांचं तयार पाकीट, या तिन्हींवर चालतं, म्हणून आत बघायचं स्पेक्युलम न लावताच ते हातात ठेवायची सवय लागते. माझं यावर भांडण आहे. गर्भाशयाच्या तोंडातून पू येत असेल तर तिथे करड्या किटचं काम असतं, हिरव्याचं नाही. बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर ओपीडीत बसू नये.

दुसरी चूक माझी स्वतःची.

कापूस वेचणारी एक बाई, तीस-बत्तीसची. दोन वर्षांत चार वेळा आली. दर वेळी औषध घेतलं की बरी, मग पुन्हा तेच. गोळ्या अर्धवट सोडतेस म्हणून मी तिच्यावर ओरडलेसुद्धा. चौथ्या वेळी लॅबवाल्या दादाने स्लाइड ताजी असतानाच बघितली आणि मला हाक मारली. भिंगाखाली ट्रायकोमोनास वळवळत होते. स्लाइड वाळली की ते हलत नाहीत आणि मग ओळखूही येत नाहीत. आधीच्या स्लाइडी दुपारपर्यंत ट्रेमध्ये पडून असायच्या.

मग मी जुने केसपेपर काढले. तारखा बघितल्या: दिवाळीनंतर, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीया), पुन्हा दिवाळीनंतर, पुन्हा आखाजीनंतर. नवरा सुरतेला कारखान्यात, सणालाच घरी यायचा. पुरुषाला बहुतेक वेळा काही त्रासच होत नाही, पण जंतू असतो.

मी शहाणपणाने त्याच्या गोळ्या तिच्याजवळच दिल्या. आठ दिवसांनी तिने पदराची गाठ सोडली, गोळ्या जशाच्या तशा. "माले काय व्हयेल शे, म्हनतस." मला कुठे काय झालंय, असं नवऱ्याचं म्हणणं. पुढच्या सणाला तो सुरत-भुसावळ गाडीने उतरला, तेव्हा आशाताईला पाठवून मीच त्याला बोलावून घेतलं आणि समोर गोळ्या गिळायला लावल्या. दोघांनाही सात दिवस लांब राहा म्हटलं. त्यानंतर ती आली ती लेकीच्या लसीसाठी. तेव्हापासून नवऱ्याच्या हातात गोळी दिल्याशिवाय ट्रायकोमोनासचा केसपेपर मी बंद करत नाही.

तिसरी: तक्रार नाही म्हणजे आजार नाही असं धरून चालणं. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. संबंधातून येणारा क्लॅमिडिया हा जंतू तर गुपचूप गर्भनळ्यांपर्यंत जातो, आणि कळतं ते मूल राहत नाही तेव्हा.

बाकीच्या चुका पटापट सांगते. डेटॉल, तुरटी, साबणाने आतून धुऊ नका. तिथलं आम्लच राखण करतं, ते तुम्ही वाहवून टाकता. खाज सुटली म्हणून मेडिकलवरची स्टिरॉइडवाली ट्यूब लावू नका, बुरशी आणखी माजते. सासूसमोर प्रश्न विचारू नका, उत्तर मिळत नाही. बुरशी परत परत होत असेल तर साखर तपासा. गरोदरपणात सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी टाळू नका. ओटीपोटात दुखतंय आणि तापही आहे, तर घरी थांबू नका. पाळी कायमची बंद झाल्यावर लाल दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. गावात लाज वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे याच आजारांच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथे समुपदेशकाशी एकटीने बोलता येतं.