आंबियाची तोडणी: संत्रा ओढू नका, कापा

आंबियाचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या बहाराच्या संत्र्याचा तोडा तोंडावर आलाय आणि पाऊस अजून पुरता गेलेला नाही. म्हणून आधी एकच सांगतो. फळ ओढून तोडू देऊ नका. कात्रीने, देठ फळालगत ठेवून कापा.

दक्षिण आफ्रिकेचा माल युरोपात जातो, मग आपला का जात नाही, असं शेतकरी नेहमी विचारतात. यातलं बरंचसं आपल्या हातात नाही. त्यांचं पीक साधारण मे ते ऑक्टोबर निघतं, म्हणजे युरोपची स्वतःची फळं संपलेली असतात तेव्हा. आपला आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर, नेमका स्पेन आणि मोरोक्कोच्या मालाच्या तोंडावर. फॉल्स कॉडलिंग मॉथ या पतंगाच्या अळीमुळे युरोपने २०२२ मध्ये त्यांच्या संत्र्यांना उणे १ ते अधिक २ अंशांत २५ दिवस ठेवण्याची अट घातली. त्याविरुद्ध दक्षिण आफ्रिका जागतिक व्यापार संघटनेत गेली, पण माल पाठवणं थांबवलं नाही. आपल्या नागपुरी संत्र्याला मात्र ६-७ अंशांखालीच गारठा बाधतो, एवढी थंडी ते सोसत नाही. साल सैल, बिया जास्त. त्यात आपण बांगलादेश या एका गिऱ्हाइकावर विसंबलो आणि २०२३ मध्ये तिथलं आयात शुल्क किलोला ८८ रुपयांवर गेलं.

पण तोडणी आपल्याच हातात आहे, आणि तिथेच आपण सर्वात मागे आहोत. दक्षिण आफ्रिकेतला मजूर हातमोजे घालून कात्रीने कापतो. आधी देठासकट, मग दुसरा काप फळालगत, म्हणजे उरलेला देठ शेजारच्या फळाला टोचत नाही. आपल्याकडे फळ पिरगळून ओढतात. देठाजवळ साल फाटून तांदळाएवढं भोक पडतं, ते बागेत कुणाला दिसत नाही. चार-पाच दिवसांनी पेटी उघडा: पांढरी कड, मधे बुरशीची हिरवी भुकटी, आजूबाजूची फळं ओली. अशी एक अख्खी गाडी रिकामी होताना मी उभा होतो. शेतकरी बुरशीनाशकाला दोष देत होता. सडकी फळं एकेक उलटून पाहिली, तर बहुतेकांना देठच नव्हता.

बाग व्यापाऱ्याला दिली असली तरी ही अट सौद्यातच घाला. मजुरी क्रेटवर असते म्हणून मजूर ओढतो, त्याचा दोष नाही. कात्र्या तुम्ही आणून द्या आणि क्रेटमागे थोडी जास्त मजुरी ठरवा. जमिनीवर ढीग घालू नका.

दव असताना तोडा नको. सकाळी सालीतल्या तेलाच्या गाठी तट्ट फुगलेल्या असतात. दाबल्या की तेल बाहेर येतं, साल करपते आणि दोन-तीन दिवसांनी तपकिरी डाग दिसतात. माझा अनुभवाचा अडाखा असा: साल नखाने दुमडल्यावर तेलाची चिळकांडी उडाली, तर अजून तासभर थांबा.

‘कलर’ आणि ‘चमक’ यांच्या महागड्या बाटल्या दुकानदार आत्ताच गळ्यात मारतील. घेऊ नका. रंग रात्रीच्या गारव्याने येतो. त्याच पैशात चांगल्या कात्र्या येतात.

बाकीची कामं:
– गळालेली फळं रोज वेचून खोल पुरा, विक्रीच्या मालात मिसळू नका.
– रसाचा टीएसएस (रसात विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) १० च्या खाली असेल तर थांबा.
– बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.
– डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) दिसला तर तोडणीनंतर मेटालॅक्झिल + मॅन्कोझेब, लिटरला २.५ ग्रॅम, बुंध्याभोवती.
– तोडणीनंतर सल (वाळलेल्या फांद्या) काढा.

पावसाचा अंदाज आला की लोक घाईने ओला माल काढतात. सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं. पाऊस पडून गेल्यावर झाड पूर्ण सुकू द्या, मी तरी दोन दिवस थांबतो. भिजलेला माल काढावाच लागला, तर सावलीत एका थरात पसरा, साल सुकल्यावरच क्रेटमध्ये भरा आणि लांबच्या गाडीत न घालता जवळच्या बाजारात विका.