विजेनं लॅन पोर्ट गेला? जुन्या कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड असं बसवा

मृगाच्या पहिल्याच पावसात रात्रभर विजा कडाडल्या आणि सकाळी आमच्या कॉम्प्युटरवरचं नेट गेलं. बाकी सगळं ठीक चालत होतं. बोलावलेला पोरगा बसल्याबसल्या म्हणाला, "फॉरमॅट माराव लागते, भाऊ." मारला. नेट काही आलं नाही, उलट मागच्या दोन हंगामांचा कापसाचा हिशेब गेला. नंतर कळलं, जळाला होता तो फक्त मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा लॅन पोर्ट, नेटची वायर लावायचं भोक. आमची केबल तांब्याची, शेजारच्या छतावरून लोंबत आलेली. विजेचा झटका तिच्यातूनच आत शिरला.

म्हणून आधी खात्री करा. तीच वायर कुणाच्या लॅपटॉपला लावून पाहा. तिथे नेट चाललं आणि तुमच्या पोर्टवरचा बारीक दिवा लागतच नसेल, तर बहुतेक पोर्ट गेला. तो दुरुस्त करत बसू नका, वेगळं नेटवर्क कार्ड लावा, म्हणजे नवा लॅन पोर्ट असलेली छोटी पट्टी. गावातल्या कनेक्शनला १०० एमबीपीएसचं कार्डही पुरतं.

कार्ड घ्यायला तालुक्याला जाण्याआधी कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर साधारण साडेआठ सेंटीमीटर लांब, बहुधा पांढरी खाच दिसली तर ती पीसीआय. जेमतेम अडीच सेंटीमीटरची बारकी खाच म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. एकीचं कार्ड दुसरीत जात नाही. मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. कॅबिनेट सडपातळ असेल तर कार्डाची पट्टीही आखूड लागते. कार्डावरच्या काळ्या चिपवर काय छापलंय तेही बघा. जुन्या कार्डांवर बरेचदा रियलटेकची आरटीएल ८१३९ चिप सापडते. हा नंबर वहीत लिहून ठेवा. खोक्यावरच्या नावापेक्षा हाच कामाला येतो.

आता बसवणं. कॉम्प्युटर बंद करून बोर्डातला प्लगच काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट उतरतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच कार्ड धरा. हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट होतं ना, तोच करंट चिप मारू शकतो. कॅबिनेटला एरवी हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग नाही असं समजा. ते आधी करून घ्या, नाहीतर नवं कार्डही टिकायचं नाही.

खाचेतली धूळ ब्रशनं झाडा. आमच्यात तर पालीचं अंडं निघालं. कार्ड जुनं असेल तर त्याच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि भुगा पुसून टाका. खाचेसमोरचं भोक झाकणारी कॅबिनेटच्या मागची पत्र्याची पट्टी काढताना बोट सांभाळा, तिची धार कापते. कार्ड खाचेवर सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. सोनेरी दात जवळजवळ सगळे आत गेले पाहिजेत. स्क्रू कसा. स्क्रूशिवाय कार्ड सोडलं तर वायर ओढताना ते तिरपं होतं.

वायर लावा, कॉम्प्युटर सुरू करा आणि स्क्रीनकडे नाही, मागे कार्डाकडे बघा. दिवा लागला का? नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, शोधण्यात वेळ घालवू नका. वायर, राउटरचं दुसरं भोक, कार्डाची बैठक, या क्रमानं तपासा.

दिवा लागूनही नेट नसेल तर विंडोजमधली डिव्हाइस मॅनेजर ही जोडलेल्या भागांची यादी उघडा. 'इथरनेट कंट्रोलर'वर पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर हवा. नेटशिवाय ड्रायव्हर आणायचा कुठून? मोबाइल आहे की! तो यूएसबी वायरीनं जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. कॉम्प्युटरला मोबाइलचं नेट मिळतं. नाहीच मिळालं तर मोबाइलवर ड्रायव्हर उतरवून तोच वायरीनं कॉपी करा. वहीतला चिपचा नंबर शोधा, पण फाइल चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअरं नकोच, सोबत नको ते बिऱ्हाड घेऊन येतात. विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं असेल तर रियलटेकच्या या जुन्या चिपचा ड्रायव्हर बहुधा आतच असतो.

जळका पोर्ट अजून यादीत दिसत असेल तर कॉम्प्युटर सुरू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा आणि 'ऑनबोर्ड लॅन' बंद करा.

शेवटी कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवा, कार्डाचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कार्डाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बंद करून परत सुरू करा. पत्ता १९२.१६८ चा आहे, तरी सातबाऱ्याची साइट 'सुरक्षित नाही' म्हणते? कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि बँकेच्या, सरकारी साइट उघडत नाहीत. सीआर २०३२ नावाचा बिल्ल्यासारखा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॅबिनेट उघडलंच आहे तर तोही बदलून टाका.

आणि आभाळ गडगडायला लागलं की नुसता प्लग काढून भागत नाही, लॅनची वायरही काढा. आमच्याकडे त्या रात्री प्लग काढलेलाच होता.