ऑटिस्टिक आहात आणि पुण्यात एकट्याने राहायचंय? भाड्याचं घर असं शोधा

आधी सहीचा विषय संपवू, कारण बऱ्याच घरांत गाडी इथेच अडते. ऑटिझमचं सर्टिफिकेट आहे म्हणजे भाडेकरारावर आईबाबांचीच सही लागणार, असं काही नाहीये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार तुम्हाला बाकीच्यांसारखीच कायदेशीर क्षमता आहे आणि अमुक एका व्यवस्थेतच राहा अशी सक्ती तुमच्यावर करता येत नाही. फक्त तुमच्यासाठी कायदेशीर पालक आधीच नेमलेला असेल तर वकिलाला विचारून पुढे जा.

मग यादी करा, पण "शांत घर हवं" असं लिहू नका, कारण ब्रोकर प्रत्येक घराला "एकदम शांत एरिया" म्हणतो, हायवेला खेटून असलं तरी. तुम्हाला नेमकं काय सहन होत नाही ते लिहा. पाण्याचा पंप, लिफ्टचा आवाज, शेजारच्या शाळेचं मैदान, खालच्या हॉटेलातला फोडणीचा वास, जे असेल ते. त्यातल्या तीन गोष्टींवर अजिबात तडजोड नाही, बाकी बघू. पुण्यात असाल तर अजून दोन गोष्टी तपासा: जवळ मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का (म्हात्रे पुलाजवळचा डीपी रोड लग्नसराईत बघून या म्हणजे कळेल), आणि नदीकाठ किती लांब आहे, कारण गणपतीच्या महिना-दोन महिने आधीपासून ढोलपथकांची प्रॅक्टिस तिकडेच चालते आणि ती रोज संध्याकाळी असते. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम आहे खरा, पण त्याच्या भरवशावर घर घेऊ नका.

ब्रोकरशी फोनवर बोलणं जड जात असेल तर एक मेसेज तयार ठेवा आणि सगळ्यांना तोच पाठवा: "वन बीएचके, एकटा राहणार, नोकरी अमुक, बजेट इतकं, या तारखेपासून हवंय, फोन नको, व्हॉट्सअॅपवर फोटो आणि लोकेशन पाठवा." काही जण उत्तरच देणार नाहीत, ते आपोआप गळतात, बरंच आहे. "बॅचलर चालणार नाही" हे ऐकायची मात्र तयारी ठेवा, त्याचा ऑटिझमशी संबंध नाही.

घर दोनदा बघा, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि एकदा रविवारी सकाळी. ब्रोकर घाई करेलच, पण खिडक्या बंद करून दहा मिनिटं गप्प बसा, तेवढ्यात बरंच कळतं. लुकलुकणारी ट्यूब बदलता येते, पडदे जाड लावता येतात, वरच्या मजल्यावरचं फर्निचर सरकवणारं कुटुंब बदलता येत नाही. माझं मत विचाराल तर ऑफिसपासून थोडं लांब पण गच्चीखालचं घर घ्यावं, उन्हाळ्यात तापतं ते पंख्याकुलरने निभावता येतं.

मालकाला ऑटिझमबद्दल सांगायचं का? तशी काही सक्ती नाही. निदान सांगण्यापेक्षा गरज सांगितलेली बरी पडते: "काका, येण्याआधी एक दिवस मेसेज करा, अचानक आलात तर मला त्रास होतो." आणि हे करारातही लिहून घ्या. त्याचबरोबर नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (म्हणजे करार मधेच मोडता येत नाही तो काळ) किती महिने, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का, हे सगळं लेखी हवं.

महाराष्ट्रात 11 महिन्यांचा करार असला तरी तो लेखी आणि रजिस्टर्ड लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन करार करताना एजंट घरी येऊन अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेतो, म्हणजे अनोळखी माणूस अगदी जवळ बसून तुमचं बोट मशीनवर दाबू शकतो, तेव्हा त्याला आधीच सांगा की बोट मी स्वतः ठेवेन. साक्षीदार दोन लागतात, त्यातला एक तुमच्या ओळखीचा असू द्या. पोलिस व्हेरिफिकेशनही करून टाका.

राहायला गेल्यावर वीजबिल, भाडं, कचऱ्याची वेळ सगळ्याचे रिमाइंडर लावा, आणि भांडी-झाडूपोछाला बाई लावली तर लाज वाटून घेऊ नका, एकट्याने राहणं म्हणजे सगळं एकट्याने करणं नव्हे. दारावरची बेल आधी वाजवून बघा, कर्कश असली तर पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, जुनी जपून ठेवा, घर सोडताना मालक मागेल.