भोकाचा दगड दिसला तर आधी कागद काढा

ओहोटीला खडपावर चालताना कधीतरी एक लांबट, घडीव दगड दिसतो. निमुळत्या टोकाला आरपार गोल भोक, रुंद टोकाकडे दोन चौकोनी भोकं. जुन्या गलबताचा दगडी नांगर असू शकतो हा. तो उचलून घरी न्यावासा वाटतो. नेऊ नका. मी एकदा नेला होता.

विजयदुर्गाच्या बाजूला मी चित्रकला शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. दगड लहानच होता, दीड हात लांबीचा. नववीतल्या मुलांनी पहारीने लोटत तो शाळेच्या आवारात आणला आणि आम्ही खराट्याने घासून लख्ख केला. नंतर एका अभ्यासकाला दाखवला, तर त्यांनी विचारलं, भोकाचं टोक कुठल्या दिशेला होतं? शेजारी खापरं होती का? वरच्या अंगाला कालवं होती की खालच्या? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दगड समोर होता, पण त्याची जागा मी कायमची पुसून टाकली होती. ती चूक मला आजही सलते.

त्यानंतर मी ऑनर फ्रॉस्ट या पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं काम करणाऱ्या बाईंबद्दल मिळेल ते वाचत गेले. जन्म १९१७ चा, सायप्रसमधल्या निकोसियाचा. लहानपणीच पोरक्या झाल्या, लंडनला वाढल्या. शिक्षण चित्रकलेचं. बॅलेसाठी नेपथ्य केलं, टेट गॅलरीत प्रकाशनाचं काम पाहिलं. पाण्याखालचा पहिला श्वास घेतला तो विम्बल्डनमधल्या एका बागेतल्या विहिरीत. पुढे फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुडालेली जहाजं पाहिली. १९५७ साली त्या पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोला, पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांच्या उत्खननात, थडग्यांची रेखाटनं करायला गेल्या. जमिनीवर एक मडकं हलवायचं तरी आधी त्याचं मोजमाप आणि चित्र होतं. समुद्रात मात्र पाणबुडे हाताला लागेल ते वर ओढत होते. पाण्याखालीही जमिनीसारखीच नोंद झाली पाहिजे, असं त्या ठामपणे मांडत राहिल्या. तुर्कस्तानातलं गेलिदोन्या, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, सिसिलीतल्या मार्सालाचं प्यूनिक, म्हणजे प्राचीन कार्थेजकरांचं, जहाज अशी मोठी कामं त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत, पण माझा जीव जडला तो त्यांच्या दगडी नांगरांवर. कुणी ढुंकून बघत नव्हतं अशा दगडांची त्यांनी आयुष्यभर मोजमापं घेतली.

तर आता दगड दिसल्यावर काय करायचं ते सांगते. यासाठी पोहायला यावं लागत नाही, रेषा सरळ काढता आली की पुरे.

वेळ नीट निवडा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात लांब हटतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपला जुना हिशोब चालतो: द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळची सुकती, पूर्ण ओहोटी, साधारण सव्वासातला. सुकतीच्या तासभर आधी पोचा. पाणी वळलं की काम अर्धं असलं तरी उठा. एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात तर मुळीच नको.

सोबत पाच मीटरचा टेप, लाकडी फूटपट्टी, होकायंत्र, बॅटरी आणि जाड शिशाची पेन्सिल असू द्या. साधा कागद भिजून फाटतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याला बारीक पॉलिश पेपर मारून खरखरीत केलं की त्यावर पेन्सिल ओल्यातही उठते. पाण्याखाली काम करणारेही असंच काहीतरी वापरतात.

हात लावण्याआधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून आणि उत्तर दिशा दाखवून. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. होकायंत्राने किनाऱ्यावरच्या दोन न हलणाऱ्या खुणांच्या दिशा घ्या, किल्ल्याचा बुरूज आणि देवळाचा कळस अशा. कोळी आपली मासेमारीची जागा अशाच खुणा जुळवून ओळखतात. खुणांची नावं गावात म्हणतात तशीच लिहा. दगडाखाली काय आहे, वाळू की कातळ, तेही टिपा.

मग चित्र. फोटो असताना चित्र कशाला, असं मुलं नेहमी विचारतात. मी म्हणते, काढून बघ. भोकाची कड रेखताना डोळा तिथे थांबतो आणि दोराने झिजून पडलेली खाच तेव्हाच दिसते. दहास एक प्रमाण ठेवा. समोरून, बाजूने, वरून, आणि चौथं चित्र भोकातून कापल्यासारखं. भोकाचा व्यास दोन्ही तोंडांशी आणि मधोमध असा तीनदा घ्या, कारण पाथरवट दोन्हीकडून टाकी मारत आला असेल तर मध्ये भोक अरुंद होतं. बॅटरी आडवी धरली की टाकीचे घाव उठून दिसतात.

चौकोनी भोकं एकमेकांना काटकोनात गेली आहेत का, ते नक्की बघा. त्यांत लाकडाचे दांडे घालत आणि ते वाळूत किंवा चिखलात रुतत. लाकूड कुजून जातं, भोकं राहतात. एकच भोक असलेला नांगर नुसत्या वजनावर धरतो. गोल भोक एक आणि चौकोनी दोन, अशा लांबट नांगरांना अभ्यासक इंडो-अरेबियन म्हणतात. ते ओमानपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत सापडले आहेत, आणि आपल्याकडे द्वारका, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग इथेही. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर पुष्कळ काम केलं आहे.

वजन काढायला तराजू लागत नाही. समजा लांबी १२० सेंमी, खालचं तोंड ३० बाय २६, वरचं २२ बाय १८. दोन्ही क्षेत्रफळं ७८० आणि ३९६, सरासरी ५८८. गुणिले १२०, म्हणजे ७०,५६० घन सेंमी. काळा पत्थर घन सेंटिमीटरला साधारण २.९ ग्रॅम भरतो, म्हणून सुमारे २०५ किलो. भोकांची पोकळी वजा केली की १९० च्या आसपास. आठवीच्या वर्गाला हे गणित मी दगडासमोर बसवून करायला लावते. मग कुणीतरी विचारतंच, हा वर ओढायला माणसं किती लागत असतील, आणि गलबत किती मोठं असेल?

दगडाची जात कपची उडवून तपासू नका. आधीच तुटलेली कड असेल तर भिंगातून बघा, किंवा गावच्या पाथरवटाला सोबत न्या. देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात काळा पत्थर आणि जांभा. तिथे चुनखडीचा नांगर मिळाला तर तो बाहेरून आला असावा, एवढं तरी म्हणता येतं. नांगराचा दगड जहाजाच्या घराचा पत्ता सांगू शकतो, हा फ्रॉस्टबाईंचा आवडता धागा होता.

वयाबद्दल मात्र घाई नको. नुसत्या आकारावरून शतक ठरत नाही. शेजारची खापरं, आणखी नांगर, त्यांच्यातलं अंतर, यांतून काही हाती लागतं. एकटा नांगर म्हणजे एखादा तुटलेला दोर, पण एका जागी दहा असले तर तिथे गलबतं थांबत होती.

आणि फक्त पाण्यात शोधू नका. लेबनॉनमध्ये बिब्लॉसच्या देवळाच्या पायरीत, सायप्रसला कितिऑनच्या देवळांत नांगर बसवलेले होते, आणि फ्रॉस्टबाईंनी ते बारकाईने नोंदले. आपल्याही किनाऱ्यावरच्या पारात, विहिरीच्या काठाला, गडग्यात भोकाचा दगड दिसला तर थांबा. तो जात्याची तळी असेल, गुरं बांधायचा असेल, नांगरही असेल. मालकाला विचारा, मोजा, काढा आणि तिथेच राहू द्या.

नोंद पुरी झाली की एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, एक दोना पावलाला पाठवा, एक स्वतःकडे ठेवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला की त्याच दोन खुणा धरून पुन्हा जा. मी नोंदवलेल्या तीन दगडांपैकी एक गेल्या वर्षी वाळूखाली गेला. खुणा जुळवून मी नेमकी तिथे उभी राहिले, सळई खुपसली, आणि वीतभर खाली ती दगडाला लागली.