बीटा अ‍ॅपमध्ये लॉगिन अडलंय? या चुका टाळा

बीटा अ‍ॅपमध्ये, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या अ‍ॅपमध्ये, लॉगिन अडलं की ते वापरून पाहणारे बहुतेक टेस्टर पासवर्ड पुन्हा टाकतात, मग पुन्हा टाकतात आणि शेवटी अ‍ॅप काढून परत बसवतात. पण बीटात दोष पासवर्डचाच असेल असं नाही, आणि या खटपटीत खऱ्या कारणाचा माग पुसला जातो. म्हणून हात थांबवा आणि आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा.

खातं तपासायचं राहून जातं

प्ले स्टोअरच्या क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) ज्या जीमेल पत्त्याला परवानगी दिलेली असते, त्याच खात्यातून आमंत्रण स्वीकारावं लागतं आणि त्याच खात्यातून अ‍ॅप उतरवावं लागतं. आमंत्रणाची लिंक क्रोममध्ये ऑफिसच्या खात्यात उघडते आणि प्ले स्टोअर घरच्या खात्यात चालू असतं. मग अ‍ॅप सापडतच नाही, किंवा बीटाऐवजी बाजारातली जुनी आवृत्ती बसते. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर असलेल्या चित्रावर टॅप करून खातं बदला, मग लिंक पुन्हा उघडा.

अ‍ॅपच्या आतलं खातंही बघा. बीटा बऱ्याचदा वेगळ्या चाचणी-सर्व्हरला जोडलेला असतो. तिथे तुमचं रोजचं खातं अस्तित्वातच नसतं, त्यामुळे ‘पासवर्ड चुकीचा’ हे उत्तर येणारच. सूचनांमध्ये तसं लिहिलं असेल तर नवी नोंदणी करा. तिथे बँकेचा किंवा मुख्य ईमेलचा पासवर्ड वापरू नका. चाचणी-सर्व्हरवरची माहिती कधीही पुसली जाऊ शकते, आणि तिची राखण मुख्य सर्व्हरइतकी कडक असेलच असंही नाही.

गुगल-लॉगिनचा दोष स्वतःवर घेणं

हा घोटाळा वारंवार होतो. डेव्हलपरच्या फोनवर लॉगिन व्यवस्थित चालतं, टेस्टरांच्या फोनवर मात्र खातं निवडल्याबरोबर बंद पडतं. त्रुटीत १० हा कोड दिसला तर टेस्टरने काहीही केलं तरी उपयोग नाही. प्ले अ‍ॅप साइनिंग (अ‍ॅपवर गुगलने डिजिटल सही करण्याची सोय) चालू असताना डेव्हलपर अपलोडच्या किल्लीने सही करतो आणि गुगल ते अ‍ॅप दुसऱ्या किल्लीने सही करून टेस्टरांना देतं. दोन्ही किल्ल्यांचे एसएचए-१ ठसे, म्हणजे किल्ली ओळखण्याचे कोड, वेगळे. फक्त पहिलाच ठसा नोंदवलेला असेल तर गुगल टेस्टरच्या हातातलं अ‍ॅप ओळखत नाही. डेव्हलपरने प्ले कन्सोलमधल्या (प्ले स्टोअरच्या डेव्हलपर-पानांमधल्या) अ‍ॅप साइनिंगच्या पानावरून दुसरा ठसा घ्यावा आणि जिथे गुगल-लॉगिनची नोंद असते त्या फायरबेस किंवा गुगल क्लाउडमध्ये तोही जोडावा. पॅकेजचं नाव (अ‍ॅपचं तांत्रिक नाव) अक्षर न अक्षर जुळतंय ना, तेही तेव्हाच पाहावं.

‘४०३ access_denied’चं रोमन अक्षरातलं वाक्य दिसलं तर प्रश्न वेगळा आहे. अ‍ॅपची गुगलकडची संमती-नोंद (लॉगिनच्या वेळी परवानगी मागणाऱ्या पानाची नोंद) ‘टेस्टिंग’ स्थितीत असते, तेव्हा यादीतल्या जास्तीत जास्त १०० खात्यांनाच प्रवेश मिळतो. आपला पत्ता यादीत घालायला सांगा. याच स्थितीत नाव, ईमेल, प्रोफाइल यांपलीकडची परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपचं रिफ्रेश टोकन (पुन्हा न विचारता लॉगिन चालू ठेवणारी खूण) ७ दिवसांत संपतं. दर आठवड्याला आपोआप लॉगआउट होत असेल तर आधी इथे शंका घ्या.

ओटीपी पुन्हा पुन्हा मागवणं

नवा ओटीपी मागवला की बहुतेक ठिकाणी जुना बाद होतो. तीनदा बटण दाबलं, पहिला ओटीपी उशिरा आला आणि तोच टाकला, तर तो चुकीचाच ठरणार. एकदा मागवा, दोन मिनिटं थांबा, सगळ्यात शेवटी आलेलाच टाका. भारतात ओटीपीच्या मजकुराचा साचा डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी-यंत्रणेवर) नोंदवावा लागतो. नव्या आवृत्तीत कुणी मजकूर बदलला आणि तो साच्याशी जुळला नाही, तर एसएमएस वाटेतच अडतो. तेव्हा एकाही टेस्टरला ओटीपी येत नसेल तर फोनचं रेंज तपासत बसू नका, टीमला कळवा. एसएमएस येतो पण आपोआप भरला जात नाही, ही तक्रार वेगळी लिहा. त्यासाठी एसएमएसमध्ये लागणारा ११ अक्षरांचा हॅश (अ‍ॅपची ओळख सांगणारा कोड) सहीची किल्ली बदलली की बदलतो.

ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा (फोनवरच लॉगिन-कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपचा) कोड नाकारला जात असेल तर फोनची वेळ ‘आपोआप’वर ठेवा. हे कोड साधारणपणे ३० सेकंदांनी बदलतात, घड्याळ दीड-दोन मिनिटं चुकलं तरी जुळत नाहीत.

आकडा न पाहता धडका मारणं

त्रुटीसोबत दिसणारा आकडा कारण सांगतो: ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. ५०० किंवा ५०३ आलं तर सर्व्हरच अडखळला आहे. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार प्रयत्न झाले. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न बंदी लांबवू शकतो, म्हणून खरंच थांबा. आयफोनवर टेस्टफ्लाइटचा (अ‍ॅपलच्या चाचणी-सोयीतून मिळालेला) बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची तयार आवृत्ती, ९० दिवसांनी संपतो. त्यानंतर अ‍ॅप उघडत नसेल तर ती लॉगिनची अडचण नाही, नवा बिल्ड हवा.

पुरावा पुसून मग तक्रार करणं

अ‍ॅप काढलं की त्याच्या साठवलेल्या नोंदीही जातात. आधी स्क्रीनशॉट घ्या. अँड्रॉइडवर ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथून बग रिपोर्ट (फोनच्या नोंदींची फाइल) काढता येतो. त्यात खासगी माहिती असते, म्हणून तो फक्त टीमलाच पाठवा, सगळ्या टेस्टरांच्या ग्रुपवर टाकू नका. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, टीमलाही नाही.

‘लॉगिन होत नाही’ एवढ्यावरून डेव्हलपरला काही शोधता येत नाही. बिल्ड क्रमांक, फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, मिनिटापर्यंतची वेळ, वाय-फाय की मोबाइल डेटा, आणि लॉगिनचा प्रकार लिहा. वेळ दिली की सर्व्हरच्या नोंदीत तो प्रयत्न शोधता येतो. नेटवर्क एकदाच बदलून पाहा आणि फरक पडला का तेही कळवा, कारण काही चाचणी-सर्व्हर ठरावीक नेटवर्कवरूनच उघडतात. दुरुस्त बिल्ड आला की आधी त्याच खात्याने, त्याच फोनवर, तेच टप्पे करून पाहा. नवं खातं त्यानंतर.